मागच्या खोलीतला भाडेकरू

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. खेळण्यांच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंना माझी लाकडी चित्रकोडी आवडली. महिनाअखेर दोन खोकी भरून माल द्यायचा. तो पसंत पडला तर दर महिन्याचं काम पक्कं. नाही पडला तर मुकाट्याने फर्निचरच्या कारखान्यात परत जायचं, असं आम्हा नवराबायकोचं ठरलंय. साहेबांनी माझी जागा तोवर रिकामी ठेवली आहे, तीही उपकार केल्यासारखी.

आता रडगाणं. ही सकाळी दवाखान्यात ड्यूटीवर गेली की मागच्या खोलीत मी आणि माझी करवत. पातं वळणावर आलं की दारावर थाप पडलीच म्हणून समज. तू घरीच असतोस ना, या वाक्याने माझ्या नाकी नऊ आणलेत. वरच्या मजल्यावरच्या बाईंची किल्ली माझ्याकडे, समोरच्यांचं पार्सल माझ्याकडे, आणि तिसऱ्याच कुणाकडे प्लंबर येणार, तर त्याला दार उघडायलाही मीच. जणू मी घरी नाही, पहाऱ्यावर बसलोय.

त्यात सासरे. सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, हे तुला माहीतच आहे. माणूस सोन्यासारखा, पण दर थोड्या वेळाने दारात उभे. चष्मा सापडत नाही म्हणतात, तो कपाळावर असतो. पंखा लावू की नको, हेही मलाच विचारतात. सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? काल त्यांच्या हाकेने हात हलला आणि हत्तीची सोंड बुडाशीच उडाली.

आणि एवढी वर्दळ असून गप्पा मारायला कुणी नाही गं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांची टर उडवायचो. परवा मी करवतीला म्हणालो, चल, दोन घास खाऊन घेऊ. काहीतरी उपाय सांग.

भावजींना नमस्कार. रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
ठोक्या


दि. ९ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

करवतीने काय उत्तर दिलं ते कळव. मी पत्र ह्यांना वाचून दाखवलं, तर ते हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले.

अरे, तुझं दुखणं एवढंच की तू कामावर जातच नाहीस! उद्यापासून जा. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, सगळ्यांना येतो म्हणून सांगून पुढच्या दाराने बाहेर पड. गल्लीला वळसा घाल आणि मागच्या जिन्याने गुपचूप खोलीत शीर. आतल्या दाराला कडी. बाबांना सांग की बाहेर जागा घेतली आहे. आता करवतीचा आवाज येणारच, त्यावरही मी विचार केलाय. मागची खोली एका सुताराला भाड्याने दिली म्हणावं. माणूस अतिशय लाजाळू, कुणाशी बोलत नाही. बायकोला तेवढं खरं सांग, नाहीतर ती भाडं मागेल.

उंटावरून शेळ्या हाकते म्हणशील. हाकते तर हाकते. लहानपणी माझं ऐकलं असतंस तर आंब्यावरून पडून दात गेला नसता.

घरात सर्वांना आशीर्वाद. आहे तसाच लोभ ठेव, वाढवलास तर उत्तम.

तुझी,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या डोक्याला सोन्याचं कडं घालायला हवं. गेले चार-पाच दिवस मी रोज बूट घालून कामावर जातो आणि गल्लीला वळसा घालून घरी येतो. जागा मिळाली म्हणून बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काम असं सुटलंय की पहिलं खोकं भरत आलं. किल्ल्या, पार्सलं, प्लंबर सगळे बाबांकडे. मला शिंकही उशीत तोंड खुपसून द्यावी लागते, एवढीच काय ती अडचण.

पण एक भानगड झाली आहे. बाबांना भाडेकरूची दया आली. परका माणूस, दिवसभर एकटा राबतो, म्हणून ते आतल्या दाराशी चहा ठेवतात, दोनदा टकटक करतात आणि बाजूला होतात. मी हात बाहेर काढून कप आत घेतो. मग ते दाराला पाठ टेकून स्टुलावर बसतात आणि बोलतात. मी एक अक्षर बोलत नाही, तरी बोलतात. ही लहानपणी कशी हट्टी होती, सासूबाईंना कसं शीळ घालता यायचं. तुझ्या वहिनीलाही हे ठाऊक नव्हतं. जावयाबद्दलही बोलले. मुलगा गुणी आहे, पण माझ्यासमोर आला की तोंडाला कुलूप लावतो, म्हणाले. आतल्या आत कान लाल झाले माझे.

कोडं कापणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, जुळवून बघायला दुसऱ्याचे डोळे लागतात. म्हणून मी धीर करून कपासोबत एक कोडं बाहेर सरकवलं. संध्याकाळच्या आत ते जुळवून परत, वर निरोप की कोंबडीचा पाय अडकतो, जरा घासा. आता रोज हेच चाललंय. किल्ली न्यायला आलेल्या वरच्या बाई दोन तुकडे लावायला म्हणून बसतात आणि तासाने उठतात. बाहेर ही हसाहस, आणि मी आत डब्यातली पोळी चावत दाराला कान लावून बसलेला! हवा होता तो एकांत मिळाला आणि आता तोच खायला उठलाय.

भावजींना माझा सुखरूप असल्याचा निरोप. मनात जागा असू दे.

तुझा,
ठोक्या


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आतच लिहितोय, कारण राहवत नाही.

परवा बाबा स्टुलावर येऊन बसले. मग म्हणाले की महिनाअखेर ते आपल्या जुन्या खोलीवर परत जाणार आहेत. पिशवीही भरून ठेवली आहे. त्यांच्या सततच्या हाकांपायी जावयाला स्वतःचं घर सोडून बाहेर जागा घ्यावी लागली, आता आणखी अडचण करायची नाही, म्हणाले. हाका कशाला मारायचो तेही सांगितलं. घरात कुणीतरी आहे एवढंच बघायचं असायचं.

ताई, मी करवत खाली ठेवली. कडीवर हात गेला होता, पण दार उघडून त्यांच्या डोळ्यांत बघून बोलायची हिंमत झाली नाही. मग सुतारच बोलला. जाड आवाज काढून मी म्हणालो की तुमच्या जावयाची नि माझी ओळख आहे. तुम्ही घरात आहात म्हणून तो निर्धास्त आहे. तुम्ही गेलात तर त्याला घर घर वाटणार नाही, थांबा. एवढं बोलेपर्यंत आवाजाचे बारा वाजले. बाहेर स्टूल करकरलं. मग ते म्हणाले, जावयाला कळवा, पिशवी सोडतो.

त्यांना काडीचाही संशय आला नाही, हे नशीब!

आणि आज माल पोचवला. मालकीणबाईंनी स्वतः एक कोडं जुळवलं. एकही तुकडा अडकत नाही म्हणाल्या, आणि काम पक्कं! कारखान्याच्या साहेबांना नमस्कार कळवून टाकला.

तुझ्या भावावरची कृपादृष्टी अशीच राहो.

तुझा,
ठोक्या


दि. १ मार्च

सौ. ताई यांस,
स. न. वि. वि.

माझं पत्र बघून नवल वाटेल. तुमच्या भावाकडून सगळं कळत असेलच, पण एक गोष्ट त्याला ठाऊक नाही, ती तुम्हाला सांगतो. मनात ठेवा.

भाडेकरू कोण ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं. चेहरा न बघता, नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखायची सवय आहे. उशीत दिलेली शिंकही ओळखीचीच होती. शिवाय चहा घ्यायला जो हात बाहेर येई, त्यातली अंगठी मीच लग्नात दिलेली.

पहिल्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण चहा ठेवून दाराला पाठ लावून बसलो आणि जुन्या सवयीने बोलत सुटलो. समोरासमोर आम्ही दोघं पंख्याच्या पुढे कधी गेलो नव्हतो. दाराआड मात्र तो सगळं ऐकून घ्यायचा. मी काही विनोदाचं बोललो की करवत थांबायची. तरी घर सोडायचं बोललो ते मनापासून बोललो होतो, नाटक नव्हतं. त्यावर तो त्या भसाड्या आवाजात थांबा म्हणाला आणि त्याचा आवाज भरून आला. कुण्या परक्या सुताराचा आवाज माझ्यासाठी कशाला भरून येईल? पिशवी त्याच दिवशी रिकामी केली. आता मी इथून हलत नाही.

काम पक्कं झाल्याच्या आनंदात रविवारी घरी जेवण आहे. स्वयंपाक मी आणि वरच्या बाई करणार. मी दाराआडून भाडेकरूला आग्रहाचं आमंत्रण दिलं आणि तो हो म्हणून बसला. जावईबापूंनाही विचारलं, तेही येतो म्हणाले. दोघांनीही शब्द दिलाय. माझी लेक तेव्हापासून तोंडावर पदर धरून फिरते आहे.

लेक, वरच्या बाई आणि मी धरून ताटं चारच मांडणार आहे. चौथ्या ताटावर कुणी बसायचं, ते त्याचं त्यानेच ठरवावं.

घरच्या सर्वांना आशीर्वाद. या म्हाताऱ्यावर लोभ आहेच, तो असाच चालू ठेवावा.

आपला,
भावाचा सासरा