एक्का आणि पंजा

प्रिय ताई,

फोनवर तू आईचं सांगायला लागलीस की माझी जीभ जड होते, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, सातवीनंतर पेन हजेरीपुरताच धरलाय. आई आता पाणीसुद्धा चमच्यानं घेते म्हणालीस. डॉक्टरांनी महिनाभराचं सांगितलंय, आणि माझी रजा पुढच्या आठवड्यात होती. ती मिळाली नाही, एवढंच तुला माहीत आहे.

इथं साइटवर आम्ही कंपनीचे बारा जण एका खोलीत. सुट्टीच्या दुपारी पोकर खेळतो. पैसे नाही लावत, कामाच्या पाळ्या लावतो, हरेल त्यानं करायच्या. संडास धुण्याची, भांड्यांची, सुट्टीच्या दिवशी कामाला जायची. नटाखालचा एक वायसर म्हणजे एक पाळी. हातात दोन पत्ते येतात, मधे सगळ्यांचे मिळून पाच, त्यांतून ज्याची जोडी भारी जुळेल तो जिंकतो, आणि मधले पाच उघडायच्या आधीच पहिली बोली होते. मला आमच्या वेल्डरनं शिकवलं. म्हणायचा, लेका, कोणी बोली वाढवली की नुसता त्याच्या मागं जाऊ नकोस. एक तर पत्ते टाकून डाव सोड, नाहीतर तिप्पट वाढव, निम्मे तिथंच गार होतात. फक्त भारी पत्त्यांवर वाढवलं तर लोक ओळखतात, म्हणून कधीमधी एक्का आणि सोबत फुसकं पान असलं तरी वाढवायचं. एक एक्का आपल्याकडे, म्हणजे समोर एक्क्यांची जोडी असणं अवघड. ताई, शाळेत मला एक गणित सुटलं नाही, पण हे डोक्यात लख्ख बसलं. दोन महिने मी संडासाला हात लावला नाही. सगळे मला 'साहेब' म्हणायला लागले आणि मीही फुगलो.

वेल्डरनं आणखी एक बजावलं होतं. आमच्या खोलीतले क्रेनवाले काका दुपारभर पत्ते टाकत बसतात. सगळ्यांच्या आधी बोलायची जागा असताना त्यांनी वाढवलं, तर पत्ते भारीच समजायचे, आपले टाकून गुपचूप उठून चहा ठेवायचा.

त्या दुपारी काकांनी तसंच वाढवलं. माझ्याकडे एक्का आणि पंजा. मी तिप्पट केली. काकांनी चष्मा पुसला आणि समोरचे सगळे वायसर पुढं सरकवले. माझ्याकडे तेवढे नव्हते. पत्ते टाकायला हवे होते, कोणी काही म्हणालं नसतं. पण कोपऱ्यातून एक जण बोललाच, "काय साहेब, घाम फुटला?" आणि मी म्हणालो, कंपनीच्या यादीतली माझी रजेची पाळी लावली.

काकांकडे दोन राजे निघाले. मधल्या पाचांत एक्का आला नाही.

नंतर मी त्यांचे पाय धरले, आईचं सांगितलं. म्हणाले, "पोरा, मी चार वर्षं माझ्या मुलीचं तोंड पाहिलं नाही. माझ्यावर वाढव म्हणून मी सांगितलं होतं का तुला?"

तू कंपनीला शिव्या घालतेस, आणि भाऊजींनी डॉक्टरांचा दाखला आणलाय तो ऑफिसात पाठवणार म्हणालीस. नको पाठवू, ताई. कंपनीनं रजा नाकारलीच नाही. यादीत माझ्या जागी काकांचं नाव माझ्याच सहीनं चढलंय आणि परवा ते घरी गेलेसुद्धा. ते दोन महिन्यांनी येतील, तोवर आमच्यातल्या दुसऱ्या कोणाला सोडत नाहीत. आईला मात्र कंपनीचंच कारण सांग. आणि ती अजून दाराकडे बघत पडत असेल, तर तिची खाट फिरवून घे.

तुझाच,
धाकटा