नागेशचा युरोप दौरा

ब्राउनश्वाइग, ९ फेब्रुवारी २००३

गाडीत रेडिओवर बाबांचा आवाज लागला! मी इतकी ओरडले की सत्यजितने गाडी बाजूला घेतली. आधी दहा सेकंद बाबांचे तबल्याचे बोल – धा तिरकिट, धा तिरकिट – नागेशने मिरजेला टेप केलेले. मग गिटार, मग कुणीतरी भराभर रॅप म्हणतो. निवेदिका म्हणाली, ओहायोचा बँड आहे, सॉल्ट डिपो. हे रॉक आहे, रॅप आहे की भारतीय संगीत, सांगता येत नाही. मागून ईश्वरी म्हणाली, "दास इस्ट आजोबा." माझी लेक सगळं जर्मनमध्येच बोलते.

तीन वर्षं पिझ्झाच्या गाडीतून या बँडचे ड्रम वाहत होता माझा भाऊ नागेश. त्याने एमएस सोडलं तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले. बाबा एवढंच म्हणाले होते, "वाजवतोय ना? मग झालं तर."

१६ फेब्रुवारी

आईचा फोन. बाबांना घशाचा कॅन्सर. मंगळवारी ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार.

मला पाचवा महिना, त्यात मध्ये रक्तस्राव झालेला. डॉक्टरीणबाई प्रवासाला साफ नाही म्हणाल्या. नुसती बसून आहे.

२० फेब्रुवारी

शुद्धीवर आल्यावर बाबांनी पाटीवर पहिलं काय लिहिलं, तर 'नागेशला कळवायचं नाही, अमेरिकेतला दौरा बिघडेल.' आई म्हणाली, "तूही बोलू नकोस हं वसू." आमच्याकडे हे असंच. माझ्या बी.एस्सी.च्या परीक्षेत आत्या गेली, ते मला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं.

१२ मार्च

गाणं अमेरिकेत पहिल्या विसात! नागेशचा फोन – "ताई, एप्रिल-मे युरोप. सव्वीस गावं. हॅनोव्हरपण." घाईघाईत बोलत होता, लहानपणी बोलायचा तसाच. मग म्हणाला, "बाबा फोनवर का येत नाहीत गं?" मी म्हटलं, सर्दीने घसा बसलाय. किती सहज आलं तोंडातून. मग अर्धा तास स्वयंपाकघरात उभी होते.

६ एप्रिल

गाठ परत आली. डॉक्टर आता आठवड्यांची भाषा बोलतायत.

नागेशला मेल लिहिली. खोडली. परत लिहिली. तो सगळं टाकून निघेल, आणि बँडवाले दुसरा ड्रमर घेतील – घेतीलच, आत्ता कुठे नाव होतंय. बाबांची शेवटची इच्छा मोडायची? सत्यजित म्हणाला, "सांगून मोकळी हो. उद्या तो तुलाच विचारेल." आईशी बोलले तर ती रडायलाच लागली.

नाही पाठवली. मी भित्री आहे.

४ मे

आई हल्ली फोनवर दोन मिनिटं थांबत नाही. बाबा झोपलेत म्हणते. दमत असेल बिचारी.

११ मे

हॅनोव्हरला जाऊन आले. सत्यजितने खुर्ची मागून घेतली माझ्यासाठी. दोन हजार माणसं असतील. बाबांचे बोल सुरू झाले आणि सगळा हॉल टाळ्या द्यायला लागला, सम सोडून. नागेश खाली मान घालून वाजवत होता, एकदाही वर बघितलं नाही. वाळलाय. मे महिन्यात लोकरीची टोपी, ती जेवतानाही काढली नाही. म्हटलं असेल फॅशन.

मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी नेली होती. त्याने फार नाही खाल्लं, मलाच वाढत राहिला. आणि बाबांबद्दल एक अक्षर नाही! तासभर बसलो, ईश्वरीची शाळा झाली, माझं ब्लडप्रेशर झालं, बाबा नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "बाबा मजेत आहेत, तुझं गाणं रोज लावतात." तो "हं" म्हणाला आणि उठून ड्रम आवरायला गेला. मोठा झाला म्हणून माणसाने इतकं विसरावं? घरी येईपर्यंत रडत होते. सत्यजितने गाडीतला रेडिओ बंद केला.

२ जून

ट्राममध्ये दोन पोरी बाबांचे बोल म्हणत होत्या. तिरकिट काही केल्या जमत नव्हतं त्यांना. मी एक स्टॉप आधीच उतरले.

९ जुलै

मुलगा झाला. तीन किलो दोनशे. सत्यजितला म्हटलं, मिरजेला फोन लाव, बाबांच्या कानाशी धर म्हणावं, बाळ रडतंय ते ऐकू दे. तो म्हणाला, "उद्या लावू." आज का नाही?

१० जुलै

बाबा गेले. पंचवीस एप्रिललाच. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. सत्यजितलाही. वसूला बाळंत होईपर्यंत सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं.

त्या दिवशी काकांनी नागेशला कळवलं. तो ॲमस्टरडॅमहून गेला, अग्नी त्यानेच दिला. दौरा बिघडला नाही. चार दिवस त्याच्या जागी दुसऱ्याच कुणीतरी वाजवलं, आणि तो परत आला तेव्हा जागा त्याचीच होती.

तो मिरजेला पोचला तेव्हा बाबांना जाऊन चोवीस तास झाले होते. मी सहा एप्रिलला मेल पाठवली असती तर त्याला बाबा भेटले असते.