टोपीवालीच्या गावात

१९ सप्टेंबर, रविवार दुपार

ताईसाहेब,

तुझ्या वाह्यात भावाचं लोटांगण. मी ठणठणीत. तू, दाजी, छोटी, सगळे बरे असाल. दाजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, माझ्या नावाने ओरडताना उभं राहू नका, बसून ओरडा.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर माझं तोंड सुटतं आणि मी काहीही फेकतो. हाताने लिहायला लागलं की फेकायचा कंटाळा येतो. अक्षर लागलं नाही तर छोटीला दे, तिचंही असंच आहे.

दुकानात मोबाईल दुरुस्त करणं चालूच आहे. रूममेट दोघेही मजेत, एक गातो, एक घोरतो. नवीन म्हणजे तुझा दहावीत आपटलेला भाऊ लेख लिहितोय. हसून घे. एका मासिकाच्या संपादकबाईंना मी रिटायर्ड हेडमास्तर बनून तक्रारीची पत्रं पाठवायचो. छान चाललं होतं, पण एकदा सवयीने खाली दुकानाचा नंबर टाकला. त्यांचा फोन आला. "हेडमास्तर, इतकं खोटं इतकं मन लावून लिहिता, एकदा खरं लिहून दाखवा. जमलं तर छापेन."

विषय दिला, कॉम्प्युटरवरची गावं. म्हणजे बघ, कॉम्प्युटरच्या आत अख्खं गाव असतं. रस्ते, दुकानं, समुद्र. आपण एक सोंग घ्यायचं, त्याला कपडे घालायचे आणि हिंडवायचं. समोर दुसरी सोंगं भेटतात, त्यांच्यामागे कुठेतरी खरी माणसं बसलेली असतात. बोलायचं ते टाइप करून. बाई म्हणाल्या, एका जुन्या गावात राहून बघ आणि तिथली माणसं कशी जगतात ते लिही.

गेलो. गाव ओसाड. पूर्वी म्हणे तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आता दिवे लागतात, ट्राम येते, उतरत कुणीच नाही. एकच दुकान उघडं, टोप्यांचं. मी माकडाचं सोंग घेऊन आत शिरलो आणि शेपटीसाठी टोपी मागितली. दुकानदारीण म्हणाली, "शेपटीचं माप आणलंय का?"

मला ती तिथेच आवडली. मी तिला टोपीवाली म्हणायला लागलो.

रोज कामावरून आलो की तिच्याकडे. ती पूर्वीच्या रांगांबद्दल सांगायची. म्हटलं, गंमत करू. आणखी सोंगं काढली. एक टकला पैलवान, एक नवऱ्याला वैतागलेली सावकारीण, एक चिडका डॉक्टर. एकेकाला दुकानात पाठवलं. पैलवान तर निळी टोपी घालून आरशासमोरून हलेना. टोपीवाली खूश. "गाव पुन्हा भरायला लागलंय," म्हणाली. सुरुवातीला गंमतच होती. नंतर मला ती बंद करता येईना.

लेखासाठी तिने गावकऱ्यांच्या ओळखी करून दिल्या. एक होडीवाला, एक पियानो शिकवणाऱ्या बाई, एक राखणदार. तिघेही भरभरून बोलायचे. संपादकबाईंना कळवून टाकलं, गाव अजून जिवंत आहे, फर्मास लेख होणार.

मग एका संध्याकाळी होडीवाला मला भरती-ओहोटी समजावत होता. मध्येच म्हणाला, "पैलवान भेटला तर सांगा, निळी सैल झाली असेल तर मी आतून पट्टी लावून देईन."

होडीवाला कशाला टोपीला पट्टी लावेल? त्यालाही ते कळलं असावं. लगेच पुन्हा भरती-ओहोटीवर आला.

एकट्याने चार सोंगं चालवली की हा घोटाळा होतोच, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून निघतं. माझंही दोनदा होता होता राहिलंय. आणि एक चालायला लागलं की बाकीची खांबासारखी ताठ उभी राहतात. मी आठवून बघितलं. होडीवाला बोलताना टोपीवाली कधी हललेली नव्हती. पियानोवाल्या बाई बोलतानाही नाही. राखणदार बोलतानाही नाही. अख्ख्या गावात आम्ही दोघंच होतो, ताई.

गप्प बसता आलं असतं. तिने विकायच्या, मी घ्यायच्या. पण खरं लिहायचं कबूल केलेलं, आणि तिला ते मासिकात वाचायला लागावं हे काही पटेना. दुसऱ्या दिवशी माझी सगळी सोंगं दुकानात ओळीने उभी केली, एकेकाची टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि लिहिलं, "हे सगळे मीच."

मग होडीवाला आला. पियानोवाल्या बाई आल्या. राखणदार आला. दाराबाहेर ओळीने उभे राहिले.

"मला वाटत होतंच," टोपीवाली म्हणाली. "डॉक्टरही तेच पाचकळ विनोद करायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?" आणि मग, "आता टोप्या विकू कुणाला?"

तिने दिवा घालवला. तेव्हापासून दुकान बंद आहे. मी रोज जाऊन बघून येतो. तिचं खरं नाव माहीत नाही, कुठली ते माहीत नाही, म्हातारी आहे की कॉलेजातली, तेही नाही. लेख तयार आहे, उद्याच द्यायचाय, पण तिने हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही. संपादकबाई उद्या चिडतील. चिडू देत.

आता वरचं एक वाक्य खोडायला हवं, पण राहू दे, पान घाण होतं. गाणाऱ्याचं लग्न झालं, घोरणाऱ्याची बदली झाली. उन्हाळ्यातच गेले दोघं. फोनवर मागून घोरणं ऐकू आलं की तू म्हणायचीस ना, त्याला कुशीवर वळव, ते रेकॉर्ड केलेलं घोरणं मी दुकानातल्या एका जुन्या मोबाईलवर लावून ठेवायचो. तू हसायचीस म्हणून.

लगेच 'घरी निघून ये' म्हणू नकोस. काम बरं आहे, मालकही बरा आहे. फक्त एक कर. स्वयंपाकघरात असशील तेव्हा मला फोन लाव आणि ओट्यावर ठेवून दे. माझ्याशी बोलायचं नाही. भांडी घास, छोटीला ओरड, नळ वाहू दे. मी इकडे कपड्यांना इस्त्री करत ऐकत राहीन. माझा आवाज आला नाही तरी फोन बंद करू नकोस, मी असेन.

फोनजवळ बसलेला,
तुझा भुंग्या