अकरा फुटांची खोली

३ नोव्हेंबर, दरेकसा

आलो एकदाचे. स्टेशनावर आमच्यासोबत एक शेळी उतरली, आणि तिला न्यायला माणूस आला होता. आम्हाला कुणी नाही. खेमराज दुखरा गुडघा धरून हसला. सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या विनोदांना नवरा एवढा हसलेला आठवत नाही.

घर पुष्पाबाईंचं. ओसरी, मग एकच खोली, तिच्या मागच्या भिंतीपलीकडे जंगल. त्या भिंतीशी खेमराजची खाट, दाराशी माझं टेबल. दोन महिन्यांत पुस्तक पुरं करायचं. विषय: विश्व एवढं मोठं कशाला? मूठभर माणसांची पापं तपासायला एवढं ऑफिस कोण बांधतं? आमच्या घरातला देव्हारा आजोबांनी छप्पन्न साली उतरवला. देवाशी संबंध नाही, त्यामुळे बोलायला भीडही नाही.

५ नोव्हेंबर

मतं गोळा केली. पुष्पाबाई म्हणाल्या, देवाले पाय पसरवाले जागा नको का जी. मोबाइलवरचे एक महाराज म्हणाले, माणसाचा अहंकार उतरावा म्हणून. माझ्या एकटीच्या अहंकारासाठी एवढे तारे? उलट तो फुगायचाच. विश्वाला अंत आहे का, असं तथागतांना विचारलं तेव्हा ते गप्प राहिले. सगळ्यांत शहाणं उत्तर, पण त्याने पुस्तक भरत नाही.

पहिलं प्रकरण या खोलीपासून सुरू करीन. मग चंद्र, सूर्य, पुढचं सगळं. शिवणाच्या डब्यातला टेप काढला. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत बरोबर अकरा फूट. मी आकडा मोठ्याने म्हटला आणि पुष्पाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. काऊन मोजून राहिल्या ताई, म्हणाल्या. या घरात जागा मोजत नाहीत. चटई विणायची तरी दोरी लावून नेतात, आकडा तोंडातून काढत नाहीत. सासऱ्यांनी वाटणीसाठी हीच खोली मोजली होती. मागच्या भिंतीशी बसलेला दीर जेवायला म्हणून उठला, तो अजून येऊनच राहिला, दारापर्यंत पोचला नाही.

लगेच लिहून घेतलं. असलं फुकट मिळत नाही.

७ नोव्हेंबर

साडेबारा फूट. टेप कापडी आहे, आकसला असेल. बाहेरून पावलं टाकून पाहिली. बाहेरून घर आहे तेवढंच. खेमराजला चहा नेऊन द्यायला परवा पाच पावलं लागायची, आज सात. तो म्हणतो, तूच हळू झालीस, वय झालं तुझं. वयावरून बोलायला याला बरं सुचतं.

९ नोव्हेंबर

टेप किती वेळा लावला, मोजणं सुटलं. चहा पोचेपर्यंत साय धरते. खेमराज हाक मारतो ती शेजारच्या घरातून आल्यासारखी येते. आता तोही हसत नाही.

१० नोव्हेंबर

निघायचं ठरलं. तो उठला, बराच वेळ चालला, गुडघा सुजला, बसला. मीच त्याला परत खाटेवर नेलं. एकटी बाहेर यायला मला पाऊण तास लागला.

उचलून आणायला मंगरूला बोलावलं. हा लाकूडतोड्या, अंगाने दणकट. त्याने ओसरीवरूनच डोकावलं. म्हणाला, बुवा समोरच तर बसून राहिला, हात लांबवा ना. मी दारातून हात लांबवला; तो खाटेच्या जवळही गेला नाही. मंगरूने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मजुरी न मागता निघून गेला.

११ नोव्हेंबर

पुष्पाबाई म्हणाल्या, उंबरठ्यावर डोकं टेकवा, या जागेच्या देवाला माझं चुकलं म्हणा, तूच मोठा म्हणा. मी विचारलं, तुम्ही टेकवलं होतं? तीस वर्षं, रोज सकाळी. आणि दीर? त्या पदराने डोळे पुसत राहिल्या.

तरी मी वाकले. खेमराजसाठी डोकं टेकवलंही असतं. तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला, सुतासारखा बारीक — टेकू नको, अल्का. टेकलीस तर उरलेला जन्म तुझी कुरकुर मलाच ऐकावी लागेल.

उठले. स्वतःला मोठं ठरवायला ज्याला माझा नवरा लांब न्यावा लागतो, तो मोठा कसला.

१२, सकाळ

पाण्याची बाटली, भाकरी, त्याच्या गोळ्या, ही वही. निघते.

दुपार असावी

मागे दार नखाएवढं. पुढे खाट नाही. भिंत नाही. सारवलेली जमीन तेवढी तीच — त्याचा खोकला येतो —

पाणी निम्मं. छप्पर दिसेनासं —

बसले होते. उठले.

कशाला एवढं मोठं, ते कळलं. भितो तो. कुणी चालत जवळ येईल म्हणून — म्हणून मागे सरत —

खोकला. डावीकडून. आता थोडा मोठा — हो, मोठा —

वाढव. किती वाढवायचं ते वाढव. पाय माझे आहेत. खेमराज, उठून बस, पडून राहू नको, आले, ही काय मी