वाघिणीची सरकारी सोय

४ नोव्हेंबर १९६१, मालवण
आजपासून शिकार बंद. बंदुकीला तेल लावून माळ्यावर ठेवली. तिने आजवर एका सशापलीकडे कोणाला दुखावलेलं नाही. पण तो नेमाचा दोष नव्हे, गवत उंच असायचं.

पेपरात वाचलं, वाघ संपत चाललेत आणि सरकार त्यांच्यासाठी जंगलं राखून ठेवणार आहे. फार वाईट वाटलं. आंबोली घाटाच्या पायथ्याला आमची काजूची बाग आहे, त्या गावच्या राईत एक वाघीण आहे. तिला वाचवायचं. अभयारण्याला नाव कोणाचं द्यायचं ते लोकांनी ठरवावं. ‘हरिश्चंद्र अभयारण्य’ कानाला बरं लागतं, माझं नाव म्हणून नव्हे.

सौ. सत्यवतीला सांगितलं. म्हणाली, “आधी माळ्यावरच्या उंदरांचा काय ता बघा.” मोठ्या कामात घरचं पाठबळ नसतंच.

१२ नोव्हेंबर, काजूची बाग
कमिटी स्थापन. प्रेसिडेंट मी. व्हाइस प्रेसिडेंट भिकाजी गावकर. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. संध्याकाळी त्याला तसं कळवलं. म्हणाला, “शेटानु, वाघीण वाचलेलीच आसा. राई देवाची. थंय बंदूक कोण न्हेत नाय.” मग ती गाय-वासरू नेते त्याचं काय? तर म्हणे, “ता देवाचा.”

काय हे अज्ञान! वाघाचं भवितव्य असल्या भाबडेपणावर सोडायचं? संरक्षण हवं तर कायद्याचं. जंगलखात्याच्या कचेरीतल्या साहेबांना भेटून आलोय. म्हणाले, गावाने राई सरकारजमा केली तर पुढे विचार करू. ‘विचार करू’ हे फार आपुलकीने म्हणाले.

२६ नोव्हेंबर
राई सरकारला द्यावी का, असा देवळात कौल लावला. पाषाणाला दोन्हीकडे पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. मी मुद्दा काढला, उजवी बाजू देवाची धरायची की आपली? वाद झाला. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. तिसऱ्या खेपेला फार उकडत होतं म्हणून मी उपरण्याने जरा वारा घेतला. उजवी पडली! भिकाजी माझ्याकडे बघतच राहिला. भक्तिभावाने असावं.

मग त्याने गाऱ्हाणं घातलं: “बा देवा म्हाराजा, तुझी राई आज सरकारच्या हवाली करतंव. जा काय बरावाईट होयत, ता शेटच्या पदरात घाल रे म्हाराजा!” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” सर्वांत मोठा आवाज माझा.

२१ डिसेंबर, मालवण
गोवा सुटला. आनंद आहे. पण जो तो गोव्याचंच बोलतो, वाघिणीचं नाव कोणी काढत नाही. साहेबांचा विचार अजून चालूच.

शेवटी पेपरात लेख धाडला. वाघीण आहे हे लोकांना पटलं पाहिजे, म्हणून सगळं तपशीलवार लिहिलं: कोणती राई, कोणता झरा, ऊन उतरल्यावर ती कोणत्या वाटेने पाण्यावर येते. सोबत नकाशा. नकाशा फार सुरेख उतरला.

९ जानेवारी १९६२, काजूची बाग
लेखाचा परिणाम! जीपमधून एक गृहस्थ आले. वाघांचं अतोनात प्रेम. घरी दिवाणखान्यात चार आहेत म्हणाले. चित्रं असावीत. माझा नकाशा त्यांच्या खिशात! मला भरून आलं. बरोबर दोन बंदुका होत्या. विचारलं, तर म्हणाले, जंगलात खबरदारी बरी. सावध माणूस.

भिकाजी राईच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. गृहस्थांनी परमिट दाखवलं. राई सरकारी झाली, आता तिथे परमिट चालतं, हे मीच भिकाजीला समजावलं. कसलं परमिट, ते विचारायचं राहिलं. पाहुण्यांना झऱ्यापर्यंत पोचवून मी चहाला परत आलो.

रात्री
एकच गोळी लागली म्हणे. तिला जिवंत मी कधी पाहिलं नव्हतं. फार सुंदर होती. कातडं काढणारे म्हणाले, पोटात पिल्लं होती. जेवण गेलं नाही.

फोटोसाठी मला मधोमध उभं केलं. मी नको म्हणत होतो. पण कमिटीतर्फे कोणीतरी हवं. भिकाजी आला नाही. देवळाच्या पायरीवर बसून होता. मला बघून म्हणाला, “शेटानु, देवाक आता काय सांगू?” मी म्हटलं, सांग, अर्ज केलेला आहे.

२ मार्च, मालवण
साहेबांचा विचार पूर्ण झाला. सदर रानात वाघ नसल्याने अभयारण्याचं प्रयोजन उरत नाही. राईतली झाडं तोडायला ठेकेदार आलेसुद्धा. तरी माझे प्रयत्न अगदीच वाया गेले असं म्हणता येणार नाही. त्या राईत वाघीण होती, हे आता कोणी नाकारत नाही.

फोटो फ्रेम करून आणला. सत्यवती तो भिंतीला लावू देत नाही.

खचून चालणार नाही. नवा संकल्प: आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, त्यांचं रक्षण. जेवताना सत्यवतीला सांगितलं. वाढता वाढता थांबली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “त्या कासवांनी तुमचा काय घोडा मारल्यानी?”