भोंग्यावरचं वय

मंगळवार, २ मार्च

भोंगा मिळाला. हातात धरायचा, लाल, सहा सेलचा. साथीत सिनेमागृह बंद पडल्यापासून हे पहिलंच काम. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तिकिटं फाडायचास ना, मग रांग सांभाळता येईल. येईल. पण तिकीटवाल्यांना आत जायची घाई असते. हे लोक सुईकडे चाललेले.

जागा म्हणजे शाळेची व्यायामशाळा. चढायचे दोर गुंडाळून वर बांधलेत, खाली खुर्च्या. मी भोंग्यावर नाव आणि वय वाचायचं, मग त्या माणसाने उठायचं. वय कशाला? तर गेल्या आठवड्यात एकजण शेजाऱ्याचा वॉकर घेऊन आला, थरथरत लस घेतली आणि बाहेर पडल्यावर वॉकर खांद्यावर टाकून बसमागे पळाला. तेव्हापासून रांगेनेच हट्ट धरला — वय सगळ्यांसमोर सांगा, कोण किती म्हातारा ते आम्ही बघतो.

लस फक्त सत्तरीच्या पुढच्यांना. तीही आली तर. म्हातारपणाला जन्मात पहिल्यांदा भाव आलाय. एक बाई शेजारच्या खुर्चीला ऐकवत होती, "अठ्ठ्याहत्तर पूर्ण. चालू नव्हे, पूर्ण."

पहिल्या रांगेत बँडवाले आजोबा. त्यांची लस केव्हाच झाली, तरी रोज येतात. इथे पंखा आहे, माणसं आहेत. आयुष्यभर ढोल बडवून कान गेलेत. भोंगा तेवढा ऐकू येतो. बाकी सगळं शेजारच्याला विचारतात आणि मग आपलं मत सगळ्या हॉलला सांगतात.

घसा बसला. आत्याने गुळण्या करायला लावल्या.

गुरुवार, ४ मार्च

आत्याला म्हटलं, उद्या चल. दम्याचा पंप ओढून झाल्यावर म्हणाली, "माझा नंबर कुठे आलाय? साठीवाल्यांचं निघू दे, मग बघू."

आत्या एकाहत्तर वर्षांची आहे. हे तिला माहीत, मला माहीत, आणि आता या पानाला. बाकी जगासाठी ती एकसष्ट. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी झाली, आवाज अजून तिशीतला आहे. दर रविवारी दार लावून केस रंगवते आणि टॉवेलवरच्या डागांबद्दल मला सांगते, शाई सांडली. आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा तिनेच घरी शुद्धलेखन घोटून घेतलं. ऱ्हस्व-दीर्घाला सूट नव्हती. वयाला आहे.

साठीवाल्यांचं कधी निघणार? सिस्टर म्हणतात, सत्तरीवाल्यांनाच पुरत नाही, उन्हाळा उलटेल. दम्याच्या माणसाने तोवर काय करायचं?

"तू सगळ्या जगाला ओरडून सांगशील. तू आणि तुझा भोंगा."

सगळं जग म्हणजे कोण ते मला ठाऊक आहे. सगळं जग आमच्या जिन्याखाली बसून चाव्या बनवतं.

शुक्रवार, ५ मार्च

बाटली एकदा फोडली की दहा दंड हवेत. संध्याकाळपर्यंत दहा झाले नाहीत तर उरलेलं फेकायचं. आज दोन डोस फेकले. सिस्टर फेकताना दुसरीकडे बघतात.

शनिवार, ६ मार्च

चावीवाल्यांना गाठलं. केस पांढरेशुभ्र, चष्मा नाकाच्या टोकावर, वय सहासष्ट. सकाळी पेपर आधी स्वतः वाचतात, मग वर आणून देतात. आत्या शब्दकोडं सोडवते. जे शब्द अडतात ते भरायला हे संध्याकाळी येतात. अडलेले शब्द नेहमी सोपे असतात. आमच्या दाराची कडी वर्षभरात चारदा दुरुस्त झाली. एवढी तर बँकेची झिजत नसेल.

म्हटलं, काका, तुम्ही सांगून बघा ना तिला. तुमचं ऐकेल.

कानस चालूच. "त्यांचं वय कुठे बसतंय अजून? एकसष्ट ना त्या."

"हो, पण —"

"साठीवाल्यांचं निघालं की जाऊ आम्ही बरोबर. मी सहासष्ट, त्या एकसष्ट. एकाच रांगेत." किल्लीवर फुंकर मारली, भुगा उडाला. "काळजी करू नको. तूच आधी म्हातारा होशील अशाने."

जीभ दाताखाली धरून वर आलो.

मंगळवार, ९ मार्च

पहिल्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या आईला इस्पितळात नेलं. पांढऱ्या कपड्यातल्या दोघांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. तिने चप्पल मागितली, कोणाला ऐकूच गेलं नाही.

आत्या दाराच्या फटीतून बघत होती. मग खोकला, मग पंप, मग बराच वेळ भिंतीला टेकून.

"किती वर्षांची होती रे?"

"होती काय म्हणतेस, आहे. अडुसष्ट."

"माझ्याहून लहान," ती म्हणाली. हे मी तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिच्याही ध्यानात आलं. "कुणाला बोललास तर बघ."

बुधवार, १० मार्च

सिस्टरना विचारलं, एकाच माणसाचं वय गाळलं तर? "तुझ्या आत्यासाठी गाळलं तर उद्या तो वॉकरवाला चुलत भावाला घेऊन येईल." बरोबर आहे. मला राग येऊ शकला नाही, हेच वाईट.

परवाचा, शुक्रवारचा साठा आहे. त्यानंतर गाडी कधी येईल ते देवाला ठाऊक, आणि त्यालाही अजून कळवलं नसावं.

एकाहत्तर म्हणालो तर आत्या घरी मारेल. एकसष्ट म्हणालो तर रांग तिथेच मारेल. काहीच म्हणालो नाही आणि ती घरीच राहिली तर

हे वाक्य पुरं करत नाही.

गुरुवार, ११ मार्च

"भोंगा बिघडू शकतो," मी म्हणालो.

आत्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी आजच बोलायला शिकलो. मग अटी घातल्या. भोंगा बंद हवा. वेळ शेवटची, गर्दी ओसरल्यावरची. आणि चावीवाल्यांना कळता कामा नये.

सेल काढून ठेवणं हे खोटं बोलणं आहे का? दुपारभर विचार केला. सेल काढणं म्हणजे फक्त सेल काढणं. असं मी ठरवलंय. पटलेलं नाही.

शुक्रवार, १२ मार्च

नीट, क्रमाने लिहितो.

दुपारी आत्याला न्यायला आलो. आम्ही मांजरासारखे जिना उतरलो. खाली चावीवाले दुकानाला कुलूप लावून उभे.

"कुठे निघालात, टेलिफोनबाई?"

"याच्या कामाची जागा बघायला."

"मग मीही बघतो." आत्याच्या हातातली पाण्याची बाटली आणि पंपाची पिशवी त्यांनी घेतलीसुद्धा. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी जिन्याच्या कठड्याकडे.

हॉलमध्ये शेवटची दहा-बारा माणसं. सेल माझ्या खिशात. तिचा नंबर आला. मी भोंगा तोंडाला लावला, बटण दाबलं, हलवून दाखवलं, बिघडला म्हणालो. मग तिचं नाव घेतलं, आणि वय — शर्टाच्या बटणाला सांगावं तसं.

"किती म्हणाला?" बँडवाले आजोबांनी शेजारच्या बाईंना विचारलं.

बाईंनी त्यांच्या कानात सांगितलं.

"एकाहत्तर?" आजोबांचा आवाज दोरांपर्यंत गेला. "वाटत नाही हो!"

हॉल वळून बघायला लागला. एकजण तर नीट दिसावं म्हणून उठला. आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल. ती जागची हलेना. मी मनात म्हटलं, आता ही उठेल आणि सरळ घरी जाईल, आणि पुढचा साठा येईपर्यंत आमच्या जिन्यावरून आणखी किती खुर्च्या उतरतील कोण जाणे.

चावीवाल्यांनी पिशवी उचलली. "चला टेलिफोनबाई, तुमचा नंबर लागलाय." 'कोडं सुटलं का' विचारतात त्याच आवाजात. बाकी चेहऱ्यावर रेघ नाही.

ती उठली. टोचून घेतलं. मग निरीक्षणाच्या खुर्च्यांवर अर्धा तास दोघं शेजारी, ती खिडकीकडे तोंड करून, ते पिशवी मांडीवर घेऊन.

शेवटी सिस्टर बाटली उजेडात धरून म्हणाल्या, एक उरलाय. साठीच्या पुढचं कोणी? आता चालेल. मी बाहेर फाटकापर्यंत जाऊन आलो. रस्ता रिकामा. "मला द्या आणखी एक," बँडवाले आजोबा म्हणाले.

तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलली. "हे आहेत की. सहासष्ट."

"मला नको," चावीवाले म्हणाले. "सर्दी आहे."

"सकाळपासून एक शिंक नाही."

"ओळखपत्र घरी राहिलं."

"वरच्या खिशातून डोकावतंय ते काय, लॉटरीचं तिकीट?"

मग काय करतात. कोपऱ्यात, सिस्टरच्या टेबलापाशी त्यांनी ते काढून दिलं. जन्मतारखेवरून वय मी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा सत्तावन्न.

सत्तावन्न! एवढे पांढरे केस, आणि ते बिनरंगाचे. म्हणजे माणसं केसांना फसतात, केस कोणाला फसवत नाहीत.

सिस्टरनी ओळखपत्र बघितलं, त्यांना बघितलं, लांबवर ताठ बसलेल्या आत्याला बघितलं. "उरलेला डोस आहे. बादलीत जाण्यापेक्षा दंडात गेलेला बरा. नोंद मी सत्तावन्नचीच करणार. बाहेर काय ओरडायचं ते तू बघ."

चावीवाले हळूच म्हणाले, "सहासष्ट म्हण रे. एवढं कर."

मी खिशातून सेल काढले. एक उलटा बसला, परत काढून घातला. भोंगा चालू केला आणि आजवरच्या सगळ्यांत मोठ्या आवाजात नाव वाचलं. वय वर्षे सहासष्ट!

कोणी हरकत घेतली नाही.

"हे मात्र दिसतात," बँडवाले आजोबा म्हणाले.

शनिवार, १३ मार्च

पेपर आला नाही.

रविवार, १४ मार्च

दंड दुखतोय म्हणून आत्या पडून होती. दारावर टकटक. चावीवाले — एका हातात कालचा आणि आजचा पेपर, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर.

"कडी बघू का?"

"कडीला काही झालेलं नाही," आत्या आतून म्हणाली. मग उठून दारात आली.

ते जिन्याच्या पायरीकडे बघत म्हणाले, "भोंग्याने चूक केली. मी सत्तावन्न आहे. तुम्ही तुमचं खरं चारचौघांत ऐकून घेतलंत. मला एकट्याला सूट कशाला?"

मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो. नळ बंद केला.

"नऊ वर्षं वाढवून सांगितलीत?"

"तुम्ही एकसष्ट म्हणालात. म्हटलं, आपल्याहून लहान माणसाला कोण दारात उभं करेल?"

"आणि मी दहा कमी केली, म्हातारीला कोण पेपर आणून देईल म्हणून. म्हणजे खरं तर तुम्ही मला ताई म्हणायला हवं."

"ते सोडून काहीही म्हणेन."

आत्याने दोन्ही पेपर घेतले आणि दार लावलं. आतून कडी घातली. पहिल्याच झटक्यात नीट बसली.

वयाच्या जिन्यावर दोघं एकमेकांना गाठायला निघाले. ती दहा पायऱ्या खाली आली, ते नऊ पायऱ्या वर चढले, आणि मधल्या अंधारात कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेले. आता ती खाली उभी, ते वर. सिनेमात असं दाखवलं असतं तर लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

गुरुवार, १८ मार्च

गाडी आली नाही. खुर्च्या रिकाम्या. बँडवाले आजोबा एकटेच पंख्याखाली. "कुणाला तरी बोलव की," म्हणाले. भोंग्यावर त्यांचंच नाव आणि वय वाचलं. खूश झाले.

इस्त्रीवाल्याची आई घरी परत आली. जिना स्वतः चढली, थांबत थांबत. पायात कोणाची तरी मोठी चप्पल.

पेपर रोज दाराच्या फटीतून आत येतो. टकटक नाही. आत्या कोडं पूर्ण सोडवते, एक शब्द अडत नाही. मला हे बघवत नाही.

रविवार, २१ मार्च

आज शाई सांडली नाही. भांगात बोटभर पांढरं तसंच. संध्याकाळी आत्या पेपर घेऊन स्वतः खाली गेली. चार अक्षरी सोपा शब्द अडला होता. बऱ्याच वेळाने वर आली, पंप न ओढता. मला जवळ बोलावलं.

"नोंदणी कार्यालयात लग्न लावतात ना, तिथे वय मोठ्याने वाचतात का रे?"

म्हटलं, माहीत नाही, उद्या विचारून येतो.

"हळू विचार," म्हणाली.