बेडकीच्या पोटातलं पाणी

बुधवार, ९ तारीख

प्रिय दादा,

मोठ्या भावाला नमस्कार करायचा असतो म्हणून करते. तुझ्यावरचा राग काही गेलेला नाही. आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त ती. ट्रक चालवून तुझी पाठ धरते का, असं तिने विचारलंय.

आता बेडकीबद्दल. तोंड वाकडं करू नकोस, वाच. उलटलेली गाडी तळ्यातून ओढून काढली तेव्हा वहिनीच्या वर्कशॉपमधले सगळे म्हणाले, भंगारात घाला. रस्त्यावर चालते तशीच पाण्यात तरंगत जाणारी गाडी पाण्यातच उलटते, तर तिला काय ओवाळायचंय? वहिनीने कुणाचं म्हणून ऐकलं नाही.

तू त्या दिवशी काठावर निथळत एवढंच म्हणाला होतास, "मी वळण जोरात घेतलं नाही. कुणीतरी आतून ढकललं." नर्सबाई थोडक्यात वाचलेल्या, औषधांची पेटी तळाला, आणि हा म्हणतो आतून! सगळे हसले. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तू गाव सोडलंस. हसली नाही ती एकटी वहिनी.

"लाट असती तर हे 'खालून' म्हणाले असते," ती मला म्हणाली. "वारा असता तर 'बाजूने'. गाडीच्या बाबतीत ह्यांचा शब्द इकडचा तिकडे होत नाही. आतून म्हणजे आतूनच."

झालं! त्या एका शब्दापायी बाईने अख्खी बेडकी खोलली. चाकाच्या दांड्यापाशी पाणी अडवणारं रबरी सील झिजलेलं होतं. तिथून पाणी झिरपून पायाखालच्या फळीखाली साचत होतं, आणि ती फळी आजवर कुणी उचललीच नव्हती. मग तिने मुद्दाम गाडीच्या तळात पाणी ओतलं, गाडी उथळ पाण्यात नेली आणि अगदी हळू वळवली. सगळं पाणी धावत डावीकडे गेलं आणि बेडकी आडवी! माणूस चालतो त्या वेगात, दादा. तुझ्या हाताचा त्यात काहीही दोष नव्हता.

आता सील नवं आहे. तळाला लांबीच्या दिशेने उभ्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून कप्पे पाडलेत, म्हणजे पाणी शिरलंच तर जिथल्या तिथे बसेल. सीटमागची जड बॅटरी तळाशी नेली आणि दोन्ही अंगांना हवाबंद नळकांडी लावली. काल दवाखान्याचे साहेब बघायला आले. वर्कशॉपमधले तिघं ढेरपोटे एकाच कडेवर उभे केले. बेडकी कलली, जरा विचार केला आणि सरळ झाली. साहेबांनी तोंडात बोटं घातली! सोमवारपासून पलीकडच्या वस्त्यांना औषधं न्यायची आहेत. "चालवणार कोण?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "आहेत आमच्याकडे."

तिच्यापुढे मी पाणी भरते, खरंच सांगते.

आणखी काय लिहू? हवा चांगली आहे. शेजाऱ्यांनी दाराला रंग दिलाय, भयानक दिसतो.

जाऊ दे, लिहितेच. सांगू नकोस म्हणून वहिनीने मला बजावलंय. उथळ पाण्यात बेडकी आडवी झाली तेव्हा ती आत होती. उजवा हात मोडला, प्लास्टर आहे. त्या पट्ट्या तिने शेजारी उभं राहून माझ्याकडून वेल्ड करून घेतल्या. हो, माझ्याकडून! मी ओरडले तिच्यावर, काठावरून दोरीने ओढून बघता आली असती, आत कशाला बसलीस? तर म्हणते, "रिकाम्या गाडीत 'आतून' कसं कळणार?"

रडू आलं मला.

मग तू तरी दादाला कळव, म्हटलं. मान हलवून म्हणाली, "हात मोडला हे कळलं तर ते हातासाठी येतील. मला ते गाडीसाठी यायला हवेत."

मी तुला दोन्ही सांगून बसले. आता तू ये, आणि जन्मात कधी खोटं बोलला नसशील, तरी दारातच एक बोल: गाडीसाठी आलो.

तुझी बहीण, पण वहिनीच्या बाजूची,
धाकटी